मावळची नावे आणि मराठी लेखक

बाराव्या दिवशी पाळणा बांधला जातो, जमलेल्या बायका बाळाला खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, आत्या वाकून त्याच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि एक शब्द उच्चारते. पाठीवर लाडाचे धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि एक वाङ्मयकृती प्रसिद्ध होते. वाङ्मयकृती हा शब्द मी थट्टेने वापरलेला नाही. दोन-तीन अक्षरांच्या त्या रचनेत आईबापांची आशा असते, भीती असते, देवाशी केलेला करार असतो, आणि कधी कधी मृत्यूशी केलेली लबाडीही असते. कथा-कादंबऱ्यांची वर्षावर्षाला झडती घेणारे आपण टीकाकार या सर्वांत लहान रचनेकडे मात्र ढुंकून पाहत नाही. नाव म्हणजे नुसती खूण, असे आपण धरून चालतो.

मला हा विषय सुचला तो दोन कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांमुळे. गो. नी. दांडेकरांनी तळेगाव दाभाड्याला बिऱ्हाड केले आणि मावळ पायांखाली घातला. त्या भटकंतीतून आलेल्या दोन कादंबऱ्यांची नावे 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा'. एक तुंग किल्ल्याच्या छायेतला, दुसरा राजमाचीवरचा. दोन्ही मथळ्यांत आधी जागा आहे आणि मग माणूस, आणि माणसाचे नाव असे, की पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात ते उच्चारले तर निम्मे लोक हसतील. ते का हसतील आणि दांडेकर का हसले नाहीत, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

लोणावळ्याला चिक्की घेऊन आणि पावसात भिजून परतणाऱ्या मंडळींना पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावे बहुधा ठाऊक नसतात. या खोऱ्यांतल्या गावांत जाऊन एखाद्या म्हाताऱ्याला त्याचे आणि त्याच्या भावंडांचे नाव विचारावे. धोंडू, दगडू, भिकू, केरबा, नथू, बहिरू, खंडू, म्हाळू, सोमा, सटवा ही नावे पुढे येतील. बायकांत धोंडाबाई, भिकाबाई, ठकूबाई, विठाबाई. नातवांची नावे विचारली तर ती शहरातल्या नातवांसारखीच, कानाला गुळगुळीत. आजोबा नातवाचे नाव नीट उच्चारू शकत नाहीत आणि नातू आजोबांचे नाव वर्गात सांगायला लाजतो. दोन पिढ्यांत एवढी दरी का पडावी?

आधी या जुन्या नावांचा अर्थ पाहू. त्यातली पुष्कळशी देवांची आहेत आणि ती समजायला अवघड नाहीत. खंडू हा खंडोबाचा, म्हाळू म्हाळसेचा, बहिरू हा गावच्या वेशीवरल्या भैरवाचा. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, आणि तिच्या काठाने विठोबा, ज्ञानोबा, तुकाराम, सोपान, मुक्ता ही नावे घरोघर गेली आहेत. सोमा, बुधा ही वारांची नावे. मूल कोणत्या दिवशी आले याचे पंचांग ज्या घरी नव्हते, त्या घरी मुलाचे नाव हेच पंचांग. पाचवीच्या रात्री कपाळावर नशीब लिहून जाणारी सटवाई सटवाजीच्या नावात बसली आहे. पिराला नवस केला म्हणून हिंदूच्या घरी पिराजी आणि फकिरा होतात. नावाने जातपात किती पाळली आणि किती ओलांडली, हे समजायला ही दोन नावे पुरेत.

खरे कोडे आहे ते धोंडू, दगडू, केरबा, भिकू यांचे. आईने आपल्या पोटच्या गोळ्याला दगड का म्हणावे? केर का म्हणावे? उत्तर जुन्या माणसांना ठाऊक असते. दोन-तीन मुले पाठोपाठ गेली, की पुढच्या मुलाला चांगले नाव ठेवायचा धीर आईला होत नसे. सुरेख नाव ठेवले की दृष्ट लागेल, सटवाईची नजर जाईल, मृत्यू लक्ष ठेवील. म्हणून त्याला सुपात घालून केरावर ठेवायचे, पुन्हा उचलून घ्यायचे आणि केरू म्हणायचे. पदर पसरून दुसऱ्याकडून मागून घेतल्याचे सोंग करायचे आणि भिकू म्हणायचे. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवायचे आणि नथू म्हणायचे. दगडू म्हणायचे, कारण दगड कोणी चोरून नेत नाही, आणि दगड मरतही नाही. ज्या घरात देवी आणि पटकी दर दोन वर्षांनी येऊन जात, डॉक्टर घाटाखाली असे आणि पावसाळ्याचे चार महिने ओढे वाट अडवीत, तिथे हे नाव म्हणजेच औषध होते. ओबडधोबड दिसणारी ही रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. तिचा शब्द एक सांगतो आणि भाव नेमका उलटा असतो. 'दगड' असे म्हणत आई 'माझा जीव' असेच म्हणत असते.

हा काही मावळच्या अडाणीपणाचा मासला नव्हे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी क्रोएशिया नावाचा देश आहे. तिथल्या आणि शेजारच्या दक्षिण स्लाव लोकांच्या नावांचे अर्थ मी पाहू लागलो आणि मला मावळात आल्यासारखे वाटले. त्यांच्याकडे कामेन्को आहे. 'कामेन' म्हणजे दगड, तेव्हा हा सरळ आपला दगडू. नेद्येल्को हा रविवारी जन्मलेला, म्हणजे आपल्या बुधाचा वारभाऊ. बोझिदार म्हणजे देवाने दिलेला, आपला देवदत्त. झिव्को म्हणजे जगणारा, आणि हा 'झिव' व आपला 'जीव' भाषेच्या कुळाने सख्खे आहेत. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' या म्हणीतला जिवा महाला तिकडे जन्मता तर झिव्को झाला असता. सर्बियन भाषेचा मोठा पंडित वुक कराजिच १७८७ साली जन्मला. त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून चेटकिणी भिऊन पळाव्यात यासाठी त्याचे नाव 'वुक', म्हणजे लांडगा, ठेवले. त्या लांडग्याने पुढे आपल्या लोकांची गाणी गोळा केली आणि शब्दकोश रचला. सर्बियातली आई आणि पवनाकाठची आई यांची गाठ कधी पडली नाही. पण दोघींची युक्ती एकच होती.

इथे एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे. जुने नाव म्हणून प्रत्येक नावापुढे हात जोडायचे नाहीत. नकुशी किंवा नकोशी हे नावही खेड्यांतच चालत आले आहे, आणि वरवर पाहता ते दगडूच्या जातीचे वाटते. तसे ते नाही. दगडूच्या नावात आई मृत्यूला फसवते. नकुशीच्या नावात घरदार देवाला बजावते, की आता मुली पुरेत. पहिल्यात शब्द खोटा आणि माया खरी. दुसऱ्यात शब्दच खरा असतो, आणि तो त्या पोरीला जन्मभर ऐकावा लागतो. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. मला तो समारंभ उत्तम समीक्षेचा नमुना वाटतो. वाईट रचना ओळखून ती मागे घेण्याचे धैर्य त्यात होते.

आता लेखकांकडे वळू. नाव आईने ठेवले तरी त्याला रूप देतो तो हाक मारणारा. मराठीत एकाच नावाची केवढी उतरंड आहे पाहा : धोंडोपंत, धोंडोबा, धोंडिबा, धोंडी, धोंडू, धोंड्या. दगड एकच, पण वरच्या पायरीवर तो देवघरात आहे आणि खालच्या पायरीवर वाटेत. १८५७ च्या रणात उतरलेले नानासाहेब पेशवे नावाने धोंडोपंतच होते. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजवून १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हे धोंडो केशव. त्यांच्या नावाला कोणी हसले नाही, आणि विद्वानांनी ते काशीच्या धुंडिराज गणपतीशी नेऊन जोडण्याचीही सोय ठेवली होती. तोच धोंडू मुंबईच्या चाळीत भांडी घासू लागला की धोंड्या होतो, आणि त्याच्यासाठी कोणी काशीची वाट धरत नाही. म्हणजे हसू येते ते दगडाचे नव्हे. त्याच्या मागे काय जोडले आहे, त्याचे.

आपल्या नाटकांनी, विनोदी कथांनी आणि पुढे चित्रपटांनी ही उतरंड निमूटपणे उचलली. नायक सुधाकर, नायिका लतिका, आणि पाण्याचा तांब्या घेऊन येणारा गडी धोंडू किंवा सखाराम. त्याने अडखळत बोलायचे, चुकीचा निरोप द्यायचा आणि प्रेक्षकांनी हसायचे. मुंबईच्या पांढरपेशा घरांत तर 'रामा' हे घरगड्याचे सामान्यनामच होऊन बसले. प्रभू रामचंद्राच्या नावाची ही दशा भाविकांच्याच घरात झाली, आणि कोणाला खटकली नाही. लेखकांनी ही थट्टा दुष्टपणे केली असे मी म्हणत नाही. त्यांनी ती न विचार करता केली, आणि लेखकाच्या बाबतीत हा दोष लहान नाही.

पुढे खेड्याकडे सहानुभूतीने पाहणारे लेखक आले. श्री. म. माट्यांनी 'उपेक्षितांचे अंतरंग' उघडून दाखवले, त्या उपेक्षितांना मराठी कथेत आणले. त्यांचा 'तारळखोऱ्यातील पिऱ्या' विसरण्याजोगा नाही. तरीही मथळ्यात तो 'पिऱ्या'च आहे. गाव त्याला तसेच म्हणत असणार हे खरे. पण लेखकाच्या कणवेलाही गावाच्या जिभेवरून खाली उतरता आले नाही, हेही तितकेच खरे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये धर्मा रामोशी, शिवा माळी, रामा मैलकुली अशी मंडळी भेटतात. इथे नावाचा उपहास पूर्ण गेला आहे. माडगूळकर नाव जसे आहे तसे, ना चढवून ना उतरवून, लिहितात. मात्र या नावांचा दुसरा शब्द नीट पाहावा. शहरातल्या माणसाच्या नावामागे आडनाव येते, खेड्यातल्या माणसाच्या नावामागे जात किंवा काम. लेखकाने ते निर्माण केले नाही, आरशासारखे दाखवले. त्या आरशात पाहून अस्वस्थ होणे हे वाचकाचे काम आहे.

या पार्श्वभूमीवर 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' यांचे मोल कळते. दांडेकरांचा धोंडी 'धोंड्या' नाही. वाडवडिलांच्या हवालदारीचा ताठा त्याच्या अंगात आहे, आणि ते नाव त्या ताठ्याला शोभते. तुंगचा तो सुळक्यासारखा कडा डोळ्यांपुढे आणला, की धोंडी या नावाचा अर्थ केरातून उचललेला दगड असा उरतच नाही. तो डोंगराच्या अंगचा दगड होतो. १९६६ साली त्याच नावाचा चित्रपट आला, आणि गड्याच्या भूमिकेत हसण्यावारी जाणारे नाव नायकाचे म्हणून पडद्यावर झळकले. बुधाचे तसेच. मुंबईच्या गर्दीला विटून राजमाचीवर परतलेल्या या माणसाला घराणे, पराक्रम, आडनाव यांतले काही नको आहे. त्याला एक वार आणि एक माची पुरते. त्याच्याभोवती झाडे, पाखरे, ढग आहेत आणि त्यांच्यातही कोणाला आडनाव नाही. हे नाव बदलून वसंत किंवा प्रकाश केले असते तर कादंबरी कोसळली असती. नाव हा कादंबरीचा पाया होऊ शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एवढे कौतुक केल्यावर एक उणेही सांगितले पाहिजे. दांडेकरांच्या मावळात नाव बहुधा मायेने उच्चारले जाते. त्या नावामागे लागणारा काटा, वाड्यातून खळ्याकडे फेकलेली ती 'या'कारान्ती हाक, त्यांच्या कानाला फारशी टोचलेली दिसत नाही. गडाच्या माचीवरून पाहिले की खालच्या गावाच्या वेशीबाहेरची वस्ती हिरवीगार आणि शांतच दिसणार. ती हाक कशी लागते हे सांगायला ज्याला ती ऐकावी लागली तोच लेखणी घेऊन यायला हवा होता.

तो १९७८ साली आला. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये आपली कहाणी सांगणारा माणूस आहे दगडू मारुती पवार, आणि ऐकणारा आहे दया पवार. दोघे एकच. दगडू हे घरचे नाव, दया हे लेखकाचे. अकोले तालुक्यातल्या, म्हणजे याच सह्याद्रीच्या उत्तरेकडल्या, गावातल्या मुलाने दगडाची दया केली आणि मग त्या दयेसमोर दगडाला बोलायला बसवले. मराठी आत्मचरित्रात इतका साधा आणि इतका खोल नावाचा उपयोग दुसरा कोणता? त्या पुस्तकानंतर 'दगडू' म्हणून हसणे प्रामाणिक वाचकाला जड जाते. आईने मायेने ठेवलेले नाव गावाने तुच्छतेने कसे वापरले, हे तिथे कळते. आणि ते नाव टाकण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, हेही.

हा हक्क १९५६ नंतर मोठ्या प्रमाणावर बजावला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मावळच्या उंबरठ्यावर, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि दोन वर्षांनी नागपूरला धर्मांतर झाले. त्यानंतर बौद्ध घरांतून धोंड्या-कोंड्या गेले आणि गौतम, सिद्धार्थ, आनंद, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा आले. काही सनातनी मंडळींनी नाके मुरडली, की ही नावे परकी, पुस्तकी, मावळच्या मातीतली नव्हेत. त्यांनी मळवलीला उतरून कारल्याचा डोंगर चढायला हवा होता. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक ज्या लेण्यासमोरून जातात, त्याच्या खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावळची नावे कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, सिंहस्तंभ देणारा महारठी अग्निमित्रणक आहे. अत्तरे विकणारा सिंहदत्त आहे. धेनुकाकट गावचा सुतार सामी आहे. आणि त्याच गावचा, यवन म्हणवणारा 'धम्म' नावाचा दातासुद्धा आहे. शेजारी बेडशाला नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्यणक आहे. म्हणजे आनंद आणि धम्म ही मावळातली लेखी सापडणारी सर्वांत जुन्यांपैकी नावे ठरतात. १९५६ नंतर ती नव्याने आली नाहीत, घरी परतली.

त्या शिलालेखांत आणखी एक गोष्ट मनात भरते. शेठ, सरदार, अत्तरवाला आणि सुतार, सर्वांची नावे एकाच खडकात, एकाच लिपीत आहेत. सुताराला 'सामी' म्हटले आहे, 'साम्या' नाही. अग्निमित्रणक, पुष्यणक, अपदेवणक या नावांच्या शेवटचा 'णक' ऐकताना मला कोरेगाव-भीमाचा जयस्तंभ आठवतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे त्यावर आहेत, आणि त्यातली २२ 'नाक' या महारांच्या प्रत्ययाने संपतात. नाद जुळला म्हणून नाते सिद्ध होत नाही, हे पथ्य मी पाळतो. पण एक प्रत्यय लेण्यात महारठ्याच्या नावामागे सन्मानाने उभा आहे आणि दुसरा गावकीत जात ओळखण्याची खूण झाला, एवढे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. प्रत्ययात मान किंवा अपमान नसतो. तो आपण भरतो.

आणि आई? ती या लेण्यांत आहे. कारल्याचा अग्निमित्रणक स्वतःला गोतीचा पुत्र म्हणवतो. भाज्याला पाण्याची पोढी देणारा महारठी विष्णुदत्त हा कौशिकीपुत्र. कारल्याच्या लेण्यात ज्याचा लेख आहे तो सातवाहन राजा पुळुमावी वासिष्ठीपुत्र. बेडशाची पोढी तर महारठिणी सामडिनिका हिने स्वतःच्या नावाने दिली आहे. पुढे कागदोपत्री 'अमका बिन तमका' असे बापाचे नाव आले आणि आईचे नाव नाहीसे झाले. तिचे स्वतःचे नावही लग्नात पुष्कळदा बदलले. नवऱ्याचे नाव तिने फक्त उखाण्यात घ्यायचे आणि तिचे नाव कोणीच घ्यायचे नाही; ती धोंडूची आई. ज्या बाईने दगडू हे नाव रचले, तिचे स्वतःचे नाव त्या दगडूच्या कोणत्याही कागदावर नव्हते. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांत महाराष्ट्राने आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे नाव लिहायचे ठरवले आहे. भाज्याच्या विष्णुदत्ताला त्यात काही नवे वाटले नसते.

मला कोणाला जुनी नावे ठेवा असे सांगायचे नाही. ज्या भीतीने दगडू जन्मला ती भीती लसीने आणि दवाखान्याने पुष्कळ घालवली, आणि भीती गेली की ताईत काढून ठेवावा हेच बरे. नातवाचे नाव नातवाला लखलाभ असो. पण लेखकांना आणि वाचकांना एक मागणे आहे. नाव हसण्यासाठी वापरण्यापूर्वी ते कोणी, कोणत्या रात्री, कशाला भिऊन ठेवले असेल, याचा क्षणभर विचार करावा. तेवढा विचार दांडेकरांनी केला म्हणून धोंडी उभा राहिला. दया पवारांनी तो सोसून केला म्हणून दगडू बोलला.

या दिवाळीत घरोघर माणसे जमतील. पाडव्याला, भाऊबिजेला फराळाची ताटे पुढे असताना घरातल्या सर्वांत थोर माणसाला विचारून पाहा, की आजी, तुझे माहेरचे नाव काय होते? आजोबा, तुम्हाला भिकू का म्हणत? बहुधा आधी ते हसण्यावारी नेतील. पुन्हा विचारा. मग जी गोष्ट निघेल ती ऐकताना चकली हातातच राहील. ती गोष्ट वहीत लिहून ठेवा, आणि तिच्याखाली ते नाव पुरते लिहा, आईच्या नावासकट.